पंख काढलेली गाडी

ऑगस्ट महिना आला की आमच्याकडे, म्हणजे डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या उपनगरांत, हवेला पेट्रोलचा वास यायला लागतो. अतिशयोक्ती नाही, खरंच येतो. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' असतो. १९९५ साली सुरू झालेला हा प्रकार म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा. मालक आपापल्या गाड्या घासूनपुसून घेऊन येतात आणि मुंगीच्या पावलांनी रस्त्यावरून फिरवतात. बाकीचे लोक कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. लक्ष्मी रोडला विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी सकाळपासून जागा धरतात ना, अगदी तस्संच. ढोलांच्या जागी इंजिनं, एवढाच काय तो फरक.

मी १९९९ साली इकडे आलो तेव्हा मला हे सगळं वेड वाटायचं. तसं माझं पोट गाड्यांवरच चालतं. सीटखालचे ब्रॅकेट आणि रेल डिझाईन करणं हे माझं काम. पण गाडीवर 'प्रेम' वगैरे? आमच्या लहानपणी चाळीत एकच प्रीमियर पद्मिनी होती, तीही मालकांची. ११०० सीसीची ती गाडी सकाळी चालू व्हायची नाही आणि मग आम्ही पोरं तिला ढकलायचो. त्यामुळे गाडी म्हणजे ढकलायची वस्तू हा संस्कार फार खोलवर गेलेला. :)

तर ही गोष्ट सुरू होते २००६ साली. त्या वर्षी 'कार्स' नावाचा ॲनिमेशनपट आला. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. त्या सिनेमात 'द किंग' नावाची एक म्हातारी, सभ्य, आकाशी निळ्या रंगाची शर्यतीची गाडी आहे. पुढे सुरीसारखं टोकदार नाक आणि मागे डिकीवर हा एवढा उंच पंख. घरी आल्यावर चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, गाडीला पंख कशाला? ती उडते का?"

सात वर्षं अमेरिकन गाड्यांच्या धंद्यात काढलेल्या त्याच्या बापाला काही उत्तर देता आलं नाही. मी त्याला घेऊन शेजारी गेलो.

शेजारी म्हणजे आमचे काका. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. जन्माने मिशिगनचे, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलेलं, बोलणं मोजून-मापून. बायकोने मुलाला पहिल्या दिवसापासून 'काका म्हण' असं शिकवलं होतं आणि त्या माणसाने ते कसलाही प्रश्न न विचारता स्वीकारलं होतं. आम्हीही मग त्यांना काकाच म्हणायला लागलो.

काकांनी प्रश्न ऐकला, हातातला पाना खाली ठेवला आणि मुलाला म्हणाले, "उडू नये म्हणून."

*

आता थोडा इतिहास. कंटाळा येईल असं वाटत असेल तर थोडा धीर धरा, गोष्ट मजेशीर आहे.

'मसल कार' म्हणजे काय, तर मध्यम आकाराची साधी दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं अवजड इंजिन ठोकायचं. पाँटिॲकची १९६४ ची जीटीओ ही या जातीची पहिली असं बहुतेक लोक मानतात. पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी नुकतीच वयात आलेली. पुढे काय होणार ते सांगायला नको.

क्रायसलर कंपनीच्या प्लायमाऊथ विभागाने १९६८ साली या बाजारात 'रोड रनर' आणली. कार्टूनमधला तो 'बीप बीप' करून पळणारा पक्षी आठवतो ना, तोच. त्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी प्लायमाऊथने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले आणि गाडीचा हॉर्नसुद्धा त्या पक्ष्यासारखा ओरडणारा बसवला. आत चैनीचं फारसं काही नाही, किंमत आवाक्यातली आणि इंजिन दांडगं. गाडी धडाधड खपली.

शर्यतीच्या मैदानावर मात्र वेगळंच चाललं होतं. नॅसकारच्या शर्यती लंबगोल मैदानांवर होतात आणि १९६९ पर्यंत गाड्यांचे वेग इतके वाढले होते की आता नुसत्या इंजिनाच्या ताकदीवर काम भागत नव्हतं. हवा आडवी येत होती. फोर्डने हवेला चिरणारी गुळगुळीत नाकाची टॅलाडेगा ही गाडी आणली आणि ती जिंकायला लागली. क्रायसलरच्याच डॉज विभागाने त्याला उत्तर म्हणून 'चार्जर डेटोना' काढली. पुढे पत्र्याचं लांब टोकदार नाक आणि मागे पंख. हा पंख विमानाच्या उलटा काम करतो. विमानाचा पंख उचलतो, हा दाबतो. भन्नाट वेगात गाडीचा मागचा भाग हलका होऊन घसरू नये म्हणून. म्हणजे काकांचं उत्तर शब्दशः खरं होतं.

पंख इतका उंच का, याची दोन कारणं सांगतात. एक म्हणजे गाडीच्या टपावरून येणाऱ्या विस्कटलेल्या हवेच्या वर, स्वच्छ हवेत तो राहावा म्हणून. दुसरं कारण मला जास्त आवडतं. पंख खाली असता तर डिकीचं झाकण उघडताना त्याला आपटलं असतं! शर्यतीची गाडी असली तरी कागदोपत्री ती बाजारातली गाडी होती आणि बाजारातल्या गाडीत भाजीच्या पिशव्या ठेवता यायला हव्यात.

आणि हीच तर खरी मेख होती. नॅसकारचा नियम असा की जी गाडी मैदानावर आणाल ती सामान्य गिऱ्हाइकालाही विकली पाहिजे. १९६९ मध्ये त्यासाठी ५०० गाड्या बनवणं पुरेसं होतं. डॉजने ५०३ डेटोना बनवल्या आणि मोकळे झाले.

इकडे प्लायमाऊथची अवस्था वाईट होती. त्यांचा हुकमी शर्यतपटू रिचर्ड पेटी 'मलाही पंखवाली गाडी द्या' म्हणून मागे लागला होता. ती मिळेना म्हटल्यावर तो १९६९ च्या हंगामात सरळ फोर्डकडे निघून गेला. त्याला परत आणायचं तर रोड रनरला पंख लावणं भाग होतं. तेवढ्यात नॅसकारने १९७० साठी नियम बदलला. आता ५०० नाही, तर दर दोन डीलरांमागे एक गाडी. प्लायमाऊथचे डीलर देशभर पसरलेले. हिशेब जवळजवळ दोन हजारांवर गेला.

मग १९६९ च्या शेवटच्या महिन्यांत, हिवाळ्याच्या तोंडावर, डेट्रॉईटमध्ये घाईघाईने या गाड्या बनल्या. लिंच रोडच्या कारखान्यात गाडी तयार व्हायची आणि मग तिला नाक आणि पंख बसवायला क्लेअरपॉइंटला न्यायचे. नाव ठेवलं 'सुपरबर्ड'. काही ठिकाणी १,९२० असा आकडा सापडतो, काही ठिकाणी १,९३५. यातल्या १३५ गाड्यांमध्ये ४२६ घनइंची 'हेमी' इंजिन होतं. म्हणजे सात लिटर, ४२५ अश्वशक्ती. बाकीच्यांत ४४० घनइंची, म्हणजे ७.२ लिटरचं. आमच्या चाळीतल्या पद्मिनीची सहा-साडेसहा इंजिनं त्यात मावली असती.

मैदानावर या पक्ष्याने कमाल केली. पेटी परत आला. फेब्रुवारी १९७० मध्ये पेटींच्याच चमूतल्या पीट हॅमिल्टनने सुपरबर्डवर डेटोना ५०० जिंकली. पुढच्याच महिन्यात, २४ मार्चला, बडी बेकरने टॅलाडेगाच्या मैदानावर या जातीच्या पंखवाल्या डॉज डेटोनातून ताशी २०० मैलांची, म्हणजे ३२० किलोमीटरची, सीमा पार केली. बंदिस्त मैदानावर हे करणारा तो पहिला माणूस.

नॅसकारने काय केलं? पुढच्या वर्षी नियम काढला की पंखवाल्या गाड्यांना ३०५ घनइंचांपेक्षा मोठं इंजिन लावता येणार नाही. इतरांना मात्र ४२९ पर्यंत मुभा. झालं! एका हंगामात जन्म, एका हंगामात मरण.

*

ही सगळी माहिती मला त्या दिवशी काकांच्या गॅरेजमध्ये उभ्या उभ्या मिळाली असं नाही. ते इतकं कधी बोलायचेच नाहीत. त्यांच्या एकेका वाक्याचा धागा धरून मी पुढे वर्षानुवर्षं वाचत गेलो. सीटच्या ब्रॅकेटमध्ये आयुष्य घालवणाऱ्या माणसाला इतकं वाचायला कोणी सांगितलं होतं, असं बायको अजूनही विचारते.

बाबांनाही एकदा फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "प्लायमाऊथ? अरे, ती तर कुर्ल्याला व्हायची!" आणि खरंच की. वालचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने क्रायसलरशी करार केला होता आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लायमाऊथ या गाड्या जोडल्या जात होत्या. त्यांच्या लहानपणी मुंबईत या अगडबंब गाड्या टॅक्सी म्हणून फिरायच्या. मी इतकी वर्षं ज्या नावाला परकं समजत होतो, ते बाबांनी दादरच्या टॅक्सी स्टँडवर वाचलेलं होतं. २००१ साली तो प्लायमाऊथ ब्रँडच बंद झाला.

असो. विषय भरकटतोय.

दर ऑगस्टला मी, मुलगा आणि काका वुडवर्डला जायला लागलो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. सुपरबर्ड आली की गर्दी तिच्याकडे धावायची. मोबाईल निघायचे, मुलं पंखाखाली उभी राहायची. काका तिकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. त्याऐवजी कुठे साधी १९७० ची रोड रनर दिसली, त्यातून तिच्या टपावर काळं विनाईल असलं, की हा माणूस चालत तिच्या मागे जायचा, मागच्या काचेजवळ वाकायचा, हाताच्या पंजाने काचेची कड चाचपायचा आणि मान हलवून परत यायचा.

मी एकदा विचारलं, "काय शोधता हो?"

"माझं काम," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. एका बैठकीत नाही, पण सांगितलं.

१९७० साली काका वीस वर्षांचे होते. मिशिगनमधल्याच एका लहान गावात, एका डीलरच्या गॅरेजमध्ये मदतनीस. त्या डीलरच्या अंगणात दोन सुपरबर्ड येऊन उभ्या राहिल्या. एक नारिंगी, एक पिवळी. गिऱ्हाइकं यायची, भोवती फिरायची, हसायची आणि आत जाऊन दुसरी गाडी घेऊन जायची. साधी रोड रनर तीन हजार डॉलरच्या आसपास आणि या बाईसाहेब ४,२९८ पासून पुढे. लांबी अठरा फुटांच्या वर. सामान्य माणसाच्या घराच्या गॅरेजचं दार लागेना. आणि रस्त्यावरच्या साठ-सत्तर मैलांच्या वेगात त्या पंखाचा उपयोग काय? जवळजवळ शून्य. बायको विचारणार, "हे काय घेऊन आलात?" त्याला उत्तर नाही. त्यात विमा कंपन्यांनी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांचे हप्ते वाढवायला सुरुवात केली होती.

वर्ष गेलं. १९७१ ची मॉडेलं आली. या दोघी तिथेच. बर्फ पडला, वितळला, पुन्हा पडला. मालकाचे पैसे अडकून पडलेले. शेवटी एक दिवस तो काकांना आणि आणखी एका मेकॅनिकला म्हणाला, "नाक काढा, पंख काढा. साधी रोड रनर करा."

हा काही एकट्या त्या मालकाचा विक्षिप्तपणा नव्हता बरं का. देशात अनेक ठिकाणी डीलरांनी हेच केलं. काही सुपरबर्ड १९७२ पर्यंत विकल्या न जाता पडून होत्या अशी नोंद आहे.

काका तपशील सांगायला लागले की मात्र थांबायचे नाहीत. नाक काढणं सोपं, पण नाकासाठी बॉनेट आणि पुढचे फेंडर डॉज कोरोनेटचे वापरलेले, म्हणजे तेही बदलायचे. पंखाचे खांब मागच्या पत्र्यातून बोल्टने आवळलेले आणि डिकीच्या आतून त्यांना आधाराच्या पट्ट्या. बोल्ट काढले की पत्र्यात भोकं राहतात. ती वेल्डिंग करून बुजवायची, घासायची, पुट्टी भरायची, रंग मारायचा. पंख ॲल्युमिनियमचा, वजनाला हलका. तो भंगारात गेला. नाकही गेलं.

"पण एक गोष्ट काढता येत नाही," काका म्हणाले. "मागची काच."

सुपरबर्डच्या मागच्या काचेचा कोन हवेसाठी बदललेला होता. त्याकरता पत्र्याचा एक जादा तुकडा वेल्ड करून बसवला जायचा. हे काम इतकं घाईचं होतं की जोड नीट घासून गुळगुळीत करायला वेळच नव्हता. म्हणून कारखान्याने सरळ वरून विनाईलचं टप चिकटवलं. जोड झाकला गेला! त्यामुळे खऱ्या सुपरबर्डच्या डोक्यावर विनाईल असतंच. नाक कापा, पंख कापा, पण काच आणि विनाईल सांगतात की ही मुळात कोण होती.

आणि म्हणून काका दर वर्षी साध्या रोड रनरच्या मागे वाकून बघत होते.

*

आता 'दुर्मिळ' या शब्दाबद्दल थोडं.

२०२२ साली एक हेमी सुपरबर्ड अमेरिकेतल्या एका लिलावात सोळा लाख डॉलरच्या वर गेली. बातमी वाचून आपण म्हणतो, दुर्मिळ आहे ना, म्हणून. पण जरा विचार करा, ही गाडी कधीच मुळात दुर्मिळ नव्हती. १९७० साली ती गरजेपेक्षा जास्त होती! गिऱ्हाइकांना हव्या होत्या त्याहून कितीतरी जास्त गाड्या एका नियमापायी बनल्या आणि डीलरांच्या गळ्यात पडल्या. तिला दुर्मिळ कारखान्याने केलं नाही. ती दुर्मिळ झाली नको असल्यामुळे. काहींचे पंख काढले गेले. काही ठोकल्या गेल्या. आमच्या मिशिगनात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. काही तशा गेल्या. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवलं, तेव्हा सात लिटरची गाडी अंगणात ठेवणं म्हणजे हत्ती पोसणं झालं.

आज आपण जी किंमत मोजतो, ती गाडीची आहेच, पण तिच्यामागे त्यांचीही आहे, ज्या कोणी ठेवल्या नाहीत.

आणखी गंमत म्हणजे आता उलटा धंदा चालतो. साध्या रोड रनरला नवं बनवलेलं नाक आणि नवा पंख लावून तिची सुपरबर्ड करतात. एक पिढी पंख उतरवून गाडी विकत होती, दुसरी पंख चढवून विकते आहे. हसावं की रडावं?

*

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. आम्ही तिघं वुडवर्डला. एका पार्किंगमध्ये एक पिवळी रोड रनर उभी होती. काळं विनाईल. काका गेले, वाकले, काचेची कड चाचपली आणि या वेळी परत आले नाहीत. तिथेच उभे राहिले.

मी आणि मुलगा धावतच गेलो. गाडीचा मालक चाळिशीतला, उत्साही. त्याने लगेच ओळखलं की म्हाताऱ्याला काहीतरी कळलेलं आहे. "तुम्हाला दिसलं ना?" तो म्हणाला. त्याच्या वडिलांनी ही गाडी सत्तरीच्या दशकात जुनी म्हणून घेतली होती. साधी रोड रनर समजून. शाळेत सोडायला, किराणा आणायला वापरली. वडील गेल्यावर गाडी दुरुस्त करायला काढली तेव्हा कळलं की ही तर मुळातली सुपरबर्ड. आता तो पैसे साठवून नाक आणि पंख परत लावणार होता.

मग तो म्हणाला, "कळत नाही, कुठल्या गाढवाने हे केलं असेल!"

मी काकांकडे बघायचं टाळलं. मुलाने माझा हात धरला.

काकांनी शांतपणे विचारलं, "डिकी उघडतोस?"

त्याने उघडली. काका आत वाकले. पंखाच्या खांबांची भोकं जिथे बुजवलेली होती, तिथे आतल्या बाजूने बोट फिरवलं. एकदा डाव्या बाजूला, एकदा उजव्या. बराच वेळ. मग बाहेर आले, रुमालाला हात पुसले.

"फार छान काम आहे," ते म्हणाले. "ज्याने केलं त्याने मन लावून केलंय. पत्रा जपून ठेव."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तीच होती का?"

"नाही," काका म्हणाले. "मी इतकं चांगलं वेल्डिंग करत नव्हतो."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही एखादा पंख तरी ठेवायला हवा होता."

काका हसले. एरवी न बोलणारा हा माणूस त्या दिवशी बोलला. म्हणाले, "सगळे मला हेच विचारतात, ठेवला का नाही. त्या वर्षी माझं खोलीचं भाडं किती होतं, हे कोणी विचारत नाही. मालकाची गाडी विकली गेली तर माझा पगार. ती नारिंगी गाडी आम्ही पंख काढल्यावर दोन आठवड्यांत गेली. एका शाळेतल्या बाईंनी घेतली. त्यांना पंख नको होता, गाडी हवी होती. पुढची कित्येक वर्षं मी त्यांना त्या गाडीतून जाताना बघितलं. हिवाळ्यात सुद्धा. बाई हॉर्न वाजवायच्या. बीप बीप."

मला तोपर्यंत वाटत होतं की काका पश्चात्तापापोटी ती गाडी शोधतात. दरवर्षी शिक्षा भोगल्यासारखे वाकून बघतात, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. मी तर मागे एका मित्राला ही गोष्ट तशीच रंगवून सांगितलीही होती. त्या दिवशी कळलं की तसं काहीच नव्हतं. त्यांना फक्त बघायचं होतं की आपण विशीत केलेलं काम टिकलं का. भोकं नीट बुजली होती का. पन्नास वर्षांनी पुट्टी निघाली तर नाही ना. कुठल्याही कारागिराला असतं तेवढंच कुतूहल.

मी स्वतः पंचवीसेक वर्षं सीटखालचे ब्रॅकेट काढतो आहे. लाखो गाड्यांत गेले ते. दुर्मिळ वगैरे होण्याची शक्यता नाही. पण भंगाराच्या अंगणावरून जाताना माझीही नजर एखाद्या उघड्या पडलेल्या सीटखाली जाते आणि मी कोणाला न सांगता गंज किती चढलाय ते बघतो. म्हणजे काकांना समजायला मला तेरा वर्षं लागायला नको होती.

*

२०२० साली करोनामुळे क्रूझ रद्द झाला. २०२१ साली काकांनी घर विकलं आणि ॲरिझोनाला मुलीकडे राहायला गेले. गॅरेज आवरायला मी आणि मुलगा गेलो होतो. खरं सांगतो, सगळ्यात वरच्या माळ्यावरची ताडपत्री काढताना माझं काळीज थोडं धडधडलं. वाटलं, निघतोय आता पंख. निघाल्या दोन बर्फावरच्या गाड्या आणि माशांचं जाळं.

आता दर ऑगस्टला, त्या तिसऱ्या शनिवारी रात्री, त्यांचा फोन येतो. हवापाणी, तब्येत, मुलाचं कॉलेज, नोकरी. आणि शेवटी ठरलेला प्रश्न. "पिवळी किंवा नारिंगी दिसली का? वेल्डिंग जरा ओबडधोबड असेल."

"नाही दिसली," मी सांगतो.

"बघत राहा," ते म्हणतात.

बघतोच आहे. लोक सुपरबर्डच्या पंखाचे फोटो काढत असतात तेव्हा मी कुठल्यातरी साध्या रोड रनरच्या मागे वाकलेला असतो. बायको लांब उभी राहते, आपण ओळखत नाही असं दाखवत. :)

असो. जेवण झालं असेलच तुमचं. इथे अजून व्हायचंय.